सातपुड्यातील खडीच्या रस्त्यांवर मोटारसायकलने तंबू-मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात असे रस्ते नेमके कोठे आहेत?

खानदेश म्हटले की तापीकाठची केळी, कापूस आणि नाकासमोर जाणारे महामार्ग डोळ्यांपुढे येतात. परंतु अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याच्या उत्तरेला, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर या गावांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे आणि येथे ज्या रस्त्यांचा विचार केला आहे ते सारे तिच्यातले आहेत. त्यांपैकी सर्वांत दुर्गम मुलूख नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांचा. अक्राणीचे मुख्यालय धडगाव असून तेथे तळोद्याहून चांदसैली घाटाने, शहाद्याहून म्हसावदमार्गे किंवा अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीमार्गे जाता येते.

या तिन्ही मुख्य वाटा आता बहुतांशी डांबरी आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. खडी, मुरूम आणि दगडगोट्यांचा खरा रस्ता सुरू होतो तो या वाटांना फुटणाऱ्या पाड्यांच्या फाट्यांवर. एक गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले अनेक पाडे, आणि प्रत्येक पाड्याकडे जाणारी वाट वेगळ्या अवस्थेत, असे येथील चित्र आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तळोदा–चांदसैली–धडगाव–मोलगी–अक्कलकुवा हा फेरा कणा म्हणून धरावा आणि त्यातून एखाद-दुसऱ्या फाट्यावर आत शिरावे. ज्यांना याहून सौम्य सुरुवात हवी असेल त्यांनी राणीपूरवरून सातपायरी घाटाने तोरणमाळला जावे. सुमारे ११५० मीटर उंचीच्या त्या पठारावर यशवंत तलाव आहे, मुक्कामाची अधिकृत सोय आहे आणि आसपासच्या कच्च्या वाटांवर हात बसवता येतो.

प्रवासासाठी कोणता काळ योग्य आहे?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवा आणि नाले वाहते असतात, पण पावसाने वाहून गेलेल्या वाटांची दुरुस्ती झालेली नसते. डिसेंबर-जानेवारीत वाटा मोकळ्या होतात, मात्र धूळ वाढते आणि रात्री बोचऱ्या होतात. अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या पठारावर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या कडक हिवाळ्यात येत असतात, त्यामुळे ‘खानदेश म्हणजे उन्हाळा’ या समजुतीवर विसंबून पातळ चादर घेऊन जाऊ नये. मार्चनंतर पायथ्याची हवा तापू लागते, मे महिन्यात तापीच्या सपाटीवर पारा ४५ अंशांकडे जातो आणि डोंगरातले झरे आटतात. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडते. त्या काळात मुक्कामी प्रवास करू नये.

दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, अस्तंबा ऋषीची यात्रा असते आणि महाशिवरात्रीला तोरणमाळची. यात्रा पाहायची असेल तर अवश्य जावे. शांत रस्ता हवा असेल तर ते दिवस टाळावेत.

एका दिवसात किती अंतर कापता येते?

हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने विचारला जातो. महामार्गावर तीनशे किलोमीटर सहज करणारा माणूस अक्राणीतही निदान दीडशे होतील असे गृहीत धरतो आणि अंधार पडताना अनोळखी उतारावर, भरलेली गाडी घेऊन, दिव्याच्या उजेडात खड्डे शोधत बसतो. वर सांगितलेला संपूर्ण फेरा नकाशावर साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटरचा दिसतो; फाट्यांसह त्याला दोन मुक्काम द्यावेत. खऱ्या खडीच्या वाटेवर तासाला बारा ते पंधरा किलोमीटर हा चांगला वेग आहे, आणि त्यात थांबणे, वाट विचारणे, चुकून परत फिरणे हे सगळे धरलेले नाही.

म्हणून अंतरापासून सुरुवात करू नये. आज रात्री तंबू कोठे लागणार ते आधी ठरवावे आणि तेथून मागे मोजत यावे. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आत मावळतो, आणि खोऱ्यात तर डोंगराच्या सावलीने साडेचारपासूनच प्रकाश मंदावतो. तंबू, पाणी आणि स्वयंपाक यांना दीड तास लागतो, जागा मिळवण्याच्या बोलण्याला अर्धा तास. म्हणजे तीन-साडेतीनला मुक्कामाच्या गावात चाके थांबली पाहिजेत. सकाळी दव वाळून सामान बांधेपर्यंत नऊ वाजतात. उरलेल्या सहा तासांत जेवढा रस्ता बसेल तेवढाच त्या दिवसाचा रस्ता. मुक्काम रस्त्याच्या मागे न धावता रस्ता मुक्कामाच्या मागे चालला, तर या प्रवासातील अर्ध्या अडचणी उद्भवतच नाहीत.

मुक्कामाची जागा कशी निवडावी आणि परवानगी कोणाची घ्यावी?

सातपुड्यात ‘मोकळी जागा’ असा प्रकार जवळजवळ नाही. जी जमीन पडीक वाटते ती कोणाच्या तरी कसणुकीखाली असते, गावाचे गायरान असते किंवा राखीव वन असते. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे, तंबू ठोकणे आणि विस्तव पेटवणे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा ठरू शकतो. तेव्हा जंगलात एकांत शोधण्यापेक्षा गावाच्या कडेला, गावाच्या माहितीने राहणे हाच सरळ मार्ग आहे, आणि आमच्या मते तोच अधिक सुखाचाही आहे.

गावात पोचल्यावर प्रथम पोलीस पाटील किंवा सरपंच यांचे घर विचारावे. गाडी थोडी अलीकडे बंद करून, हेल्मेट काढून, चालत जावे; डोके आणि चेहरा झाकलेला माणूस दारात येऊन काही मागू लागला तर कोणाही घरातल्या बाया-पोरांना धास्ती वाटणारच. आपण कोण, कोठून आलो, किती जण आहोत आणि सकाळी किती वाजता निघणार, हे चार वाक्यांत सांगावे. बहुतेक ठिकाणी नकार येत नाही. आला तर कारण न विचारता पुढच्या गावाला जावे, आणि त्यासाठीच हातात उजेड शिल्लक असला पाहिजे.

जागांमध्ये सर्वांत उत्तम जागा म्हणजे रिकामे खळे. ते सपाट असते, चोपून घट्ट केलेले असते, त्यात काटे-दगड नसतात आणि घराच्या हाकेच्या अंतरावर असते. मात्र सुगीत त्यावर ज्वारी, मका किंवा सोयाबीन पडलेले असते, म्हणून ‘खळे मोकळे आहे का’ असे विचारावे, ‘येथे तंबू लावतो’ असे सांगू नये. आश्रमशाळेचे आवार सोयीचे दिसले तरी मुले निवासी असताना तेथे परक्याने राहणे योग्य नाही. कोरड्या नाल्याची रेती कितीही मऊ असली तरी तीत झोपू नये. कड्याखाली जागा पाहताना वर नजर टाकावी: घाटातील कपारींना आग्या मोहोळे लटकलेली असतात आणि धूर लागला की माश्या कोणालाही ओळखत नाहीत.

यावल किंवा अनेर अभयारण्यात तंबू लावता येतो का?

स्वतःच्या मनाने नाही. यावल अभयारण्य १९६९ सालचे आहे. त्यात काय, किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात काय, प्रवेशासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे वनविभागाची परवानगी लागते आणि सूर्यास्तानंतर आत भटकता येत नाही. रावेर तालुक्यातील पाल येथे वनविभागाच्या निवासाची सोय आहे. तेथे आधी विचारणा करून खोली घ्यावी आणि दिवसा फक्त परवानगी असलेल्या रस्त्यांवर फिरावे. ज्यांना तंबूतच झोपायचे आहे त्यांच्यासाठी पश्चिमेकडील गावे अधिक योग्य आहेत.

कोणती मोटारसायकल लागते? हिमालयन किंवा एक्सपल्स नसेल तर जाता येत नाही का?

या वाटांवर रोज जाणारे शिक्षक, आरोग्यसेवक आणि किराणा दुकानदार स्प्लेंडर-प्लॅटिनावर जातात, तेही मागे एक माणूस आणि पुढे धान्याचे पोते घेऊन. त्यामुळे गाडीच्या नावावरून प्रवास अडत नाही. रॉयल एनफील्ड हिमालयन आणि हीरो एक्सपल्स २०० यांचा खरा फायदा आहे तो पुढच्या २१ इंची चाकाचा, लांब चालीच्या सस्पेन्शनचा आणि २२० मिलिमीटरच्या आसपास असलेल्या जमिनीपासूनच्या उंचीचा. इंजिनाखाली दगड लागण्याची भीती त्यामुळे कमी होते. परंतु वजनाचाही विचार करावा. हिमालयन दोनशे किलोच्या घरात जाते, आणि सामानासह पडलेली अशी गाडी चढावर एकट्याने उभी करणे प्रत्येकाला जमत नाही. नवख्याला आम्ही हलकी गाडीच सुचवतो. स्कूटर आणि फार बुटकी क्रूझर यांनी डांबर सोडू नये.

टायरमध्ये हवा किती ठेवावी?

नेहमीच्या आकड्यापेक्षा चार ते सहा पीएसआय कमी. हवा थोडी उतरवली की टायर दगडावर पसरतो, पकड वाढते आणि हाताला बसणारे धक्के कमी होतात. मात्र ट्यूबच्या चाकात, त्यातही मागे सामान असताना, उत्साहाच्या भरात फार खाली जाऊ नये. टोकदार दगडावर चाक आपटले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते. अशी ट्यूब बाहेर काढून पाहिली तर एका छिद्राऐवजी एकमेकींशेजारी दोन समांतर चिरा दिसतात. त्या दिसल्या म्हणजे काटा शोधत न बसता हवा वाढवावी. डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा पूर्ण भरावी, आणि त्यासाठी हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा लहान पंप सोबत असावा.

खडीवर आणि घाटात गाडी कशी चालवावी?

घट्ट मुरमावर सुटी बारीक खडी पसरलेली असते तेथे पुढचे चाक भिरभिरू लागते, आणि नवखा चालक हॅंडल आवळून धरतो. नेमके उलटे करावे. फूटपेगवर उभे राहावे, गुडघ्यांनी टाकी धरावी, हात सैल ठेवावेत आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वीस-तीस मीटर पुढे ठेवावी. पुढचे चाक थोडे इकडे-तिकडे होऊ द्यावे; गती स्थिर असेल तर गाडी आपली वाट काढते. जीपच्या चाकांनी दाबलेले दोन चाकोरे हा त्या रस्त्याचा सर्वांत घट्ट भाग असतो, मधला उंचवटा आणि वळणाची बाहेरची कड हा सर्वांत सुटा.

उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर टाकून इंजिनाचा रोध वापरावा, मागचा ब्रेक बेताने आणि पुढचा अगदी हलका. मागच्या चाकाचे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करण्याची सोय गाडीत असेल तर खडीच्या उतारावर ते बंद करावे, नाहीतर ब्रेक दाबूनही गाडी घसरतच राहते. डांबरावर आल्यावर पुन्हा सुरू करण्याचे लक्षात ठेवावे. चढावर एकदा गती घेतल्यावर मध्येच क्लच दाबू नये. आणि चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा घाटाचा जुना नियम पाळावा.

या रस्त्यांवरील सर्वांत मोठा धोका दगडांपेक्षा समोरून येणाऱ्या प्रवासी जीपचा आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी जीप आत भरते, मागे लोंबकळते आणि टपावरही बसते. असा भार घेऊन उतरणारा चालक वळणावर आपली बाजू सोडून आतल्या अंगाने येतो, कारण बाहेरची कड त्याला सहन होत नाही. तो आपल्यासाठी थांबू शकणार नाही हे धरून चालावे. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, डावीकडे राहावे आणि दुपारी तीननंतर, बाजार फुटल्यावर, घाटात शिरणे टाळावे.

अवकाळी पाऊस आला तर काय करावे?

थांबावे. डोंगरातील मुरूम पाणी लवकर पिऊन घेतो आणि काही तासांत चालण्याजोगा होतो, पण पायथ्याच्या काळ्या कपाशीच्या जमिनीतली शेतवाट ओली झाली की वेगळाच प्रकार होतो: चिखल टायरला गुंडाळून वर जातो, मडगार्डखाली ठासून भरतो आणि शंभर-दोनशे मीटरांत पुढचे चाक फिरायचेच थांबते. काठीने तो खरवडून काढला तरी पुन्हा तेच. ज्यांच्या गाडीचे पुढचे मडगार्ड चाकाला चिकटून आहे त्यांनी ओल्या काळ्या मातीत उतरूच नये. वळसा पडला तरी डांबरी रस्ता धरावा.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर आधी पायी जाऊन पाहावे. पाणी कमी असले तरी फरशीवरच्या हिरव्या शेवाळावर गाडी आडवी होते. पाणी गढूळ होऊन वाढत असेल, तर आपल्या डोक्यावर ऊन असले तरी मागे फिरावे. गोमाई, अनेर यांसारख्या नद्यांचा उगम सातपुड्यात आहे आणि वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा लोंढा खाली कोरड्या आभाळाखाली येतो.

सामान किती घ्यावे आणि कसे बांधावे?

जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या चालकाच्या जवळ. हलके अंथरूण-पांघरूण मागे. कापडी सॅडलबॅगा लोखंडी पेट्यांपेक्षा बऱ्या, कारण गाडी पडली तर पाय पेटीखाली सापडून मोडू शकतो. सायलेन्सरच्या बाजूची बॅग वितळत नाही ना, हे घरीच इंजिन चालू ठेवून तपासावे. निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरांत पट्टे सैल होतातच, तेव्हा थांबून आवळावेत. लोंबणारे टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेले तर प्रवास तेथेच संपतो. दोन माणसे आणि संपूर्ण तंबू-सामान एकाच गाडीवर नेण्याचा हट्ट या रस्त्यांवर करू नये.

आणखी एक लहान गोष्ट: साइड स्टॅंडखाली ठेवायला चपटा लाकडी तुकडा किंवा जाड पत्रा घ्यावा. भुसभुशीत मुरमात स्टॅंड हळूहळू रुततो आणि भरलेली गाडी रात्री दोन वाजता तंबूवर येते.

बिघाड आणि पंक्चर यांची तयारी काय असावी?

पुढची-मागची ट्यूब, दोन टायर-लिव्हर, पॅच आणि सोल्यूशन, चाकाच्या नटाचे पाने, क्लच आणि अॅक्सिलरेटरची केबल, एक क्लच-लिव्हर, चेनचे जोड-लॉक, फ्यूज, बारीक तार, केबल-टाय आणि थोडे एमसील. हे सामान असून ते वापरता येत नसेल तर उपयोग नाही. मागचे चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव अंगणात करून मगच निघावे. रोज सकाळी पाच मिनिटे देऊन आरसे, नंबरप्लेट, क्रॅशगार्ड आणि सायलेन्सरचे बोल्ट हाताने हलवून पाहावेत आणि स्पोकवर पान्याने टिचकी मारत जावे. ज्याचा आवाज बोदा येतो तो सैल झालेला. चेनला तेल अगदी पातळ लावावे, कारण धुळीत जास्त तेल म्हणजे स्प्रॉकेट झिजवणारा लगदा.

धडगाव आणि मोलगी येथे दुरुस्तीची दुकाने आहेत, पण तेथे सुटे भाग मिळतात ते गावात चालणाऱ्या गाड्यांचे. हलक्या, सर्वत्र दिसणाऱ्या गाडीच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा.

पेट्रोलची सोय कशी करावी?

शहादा, तळोदा किंवा अक्कलकुवा येथे टाकी काठोकाठ भरावी आणि वर मिळाले तर ते जास्तीचे समजावे. खालच्या गिअरमध्ये, भार घेऊन, चढावर चालताना गाडी नेहमीपेक्षा बरेच जास्त पेट्रोल पिते, म्हणून सरळ नेहमीच्या दोन-तृतीयांश सरासरी धरून हिशेब करावा. वरचे पेट्रोल न्यायचे झाल्यास धातूच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमधून न्यावे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत ते नेणे धोक्याचे आहे आणि पंपावर तशी बाटली भरून देतही नाहीत.

पाणी कोठून घ्यावे?

दिवसाला माणशी चार लिटर, त्यात स्वयंपाक आला. गावात हातपंप असतो आणि तेथून भरायला कोणी हरकत घेत नाही. पण जेथे हातपंप नाही किंवा आटला आहे तेथे लोक नाल्याच्या पात्रात झिरा उकरतात, आणि तो एकदा जवळून पाहावा: गुडघाभर खोल खड्डा, कडेला दगड रचलेले, तळाशी वाटीने भरावे लागेल एवढेच पाणी. एक हंडा भरला की पुन्हा पाणी जमेपर्यंत बाई तेथेच बसून राहते. अशा झिऱ्यातून आपल्या पाच लिटरच्या कॅनसाठी पाणी मागणे म्हणजे कोणाच्या तरी तासाभराच्या बसण्यावर हक्क सांगणे. फेब्रुवारीपासून पुढे तर पाणी पायथ्याहूनच घेऊन चढावे. हातपंपाजवळ भांडी घासू नयेत, गाडी धुणे तर दूरच. पिण्याचे पाणी कोठूनही घेतले तरी उकळून किंवा गोळी टाकून घ्यावे.

जेवणाचे काय? शेकोटी करता येते का?

खानदेशी स्वयंपाक मुक्कामी प्रवासाला फार सोयीचा आहे. कळण्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही चवीने खाता येते, सोबत ठेचा आणि कांदा असला की दुपारचे भागते. वाफवून ठेवलेल्या बट्ट्या दीड-दोन दिवस टिकतात आणि रात्री तुपात परतून वरणाबरोबर खाल्ल्या की पाकीटबंद नूडल्सची आठवण कोणालाही होत नाही. शेवभाजीची शेव आणि मसाला बरोबर घेतला तर दहा मिनिटांत रस्सा होतो.

स्वयंपाक लहान गॅस-स्टोव्हवरच करावा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यात वणव्याचा हंगाम मानला जातो, त्या काळात उघडा विस्तव करूच नये. एरवीही सागाच्या वाळलेल्या पानांवर उडालेली एक ठिणगी अख्खा उतार काळा करते. गावच्या अंगणात त्यांची शेकोटी पेटली असेल तर तिच्यापाशी बसावे. लाकूड तोडून स्वतःची वेगळी पेटवू नये.

वन्य प्राणी आणि साप यांची भीती कितपत आहे?

बिबट्या सर्वत्र आहे, अगदी पायथ्याच्या उसातही. यावलच्या बाजूला अस्वल आहे. रात्री तंबूपासून एकट्याने लांब जाऊ नये, हातात विजेरी असावी, आणि उघड्यावर मांस किंवा उष्टे ठेवू नये. कुत्रे बरोबर नेऊ नये, बिबट्याला ते आमंत्रणच ठरते.

खरी काळजी सापांची घ्यावी. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप या मुलखात आहेत. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंशाची वेदना इतकी कमी असते की झोपमोडही होत नाही. म्हणून तंबूची चेन क्षणभरही उघडी ठेवू नये आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. दंश झाल्यास चिरा देणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला धडगाव, मोलगी किंवा अक्कलकुवा यांपैकी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. सर्पदंशावर उपाय प्रतिविषाचा, आणि तो रुग्णालयातच मिळतो.

मोबाइलचे नेटवर्क आणि नकाशे यांवर विसंबता येते का?

मोठी गावे सोडली तर नेटवर्क तुटक आहे. नकाशा आधीच उतरवून घ्यावा, पण नकाशातली रेघ म्हणजे रस्ता असे समजू नये. कित्येक रेघा पायवाटा असतात. नर्मदेच्या काठाला तर एक वेगळीच अडचण आहे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर असून अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे त्या प्रकल्पाने बाधित झालेली आहेत. धरण भरलेले असताना काठाकडे उतरणाऱ्या जुन्या वाटा पाण्यात शिरून संपतात, आणि नकाशा मात्र त्या पुढे नेत राहतो. मणिबेली किंवा भूषणच्या बाजूला उतरण्याआधी वरच्या गावात विचारावे, आणि उतरण सुरू करण्यापूर्वी तोच चढ परत चढायचा आहे हे ध्यानात घ्यावे. काठावरचे लोक ये-जा होडीने करतात. आपली गाडी होडीत घालण्याच्या फंदात पडू नये.

वाट विचारताना ‘किती किलोमीटर’ असे न विचारता ‘मोटारसायकल जाते का’ आणि ‘आज कोणी गेले का’ असे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर नेमके मिळते.

एकट्याने जावे का?

पायथ्याला आणि तोरणमाळला एकट्याने जाण्यास हरकत नाही. पाड्यांच्या कच्च्या वाटांवर किमान दोन गाड्या असाव्यात, चारपेक्षा जास्त नसाव्यात. दहा गाड्यांचा ताफा एका पाड्यात शिरला की पाहुणे राहत नाहीत, गर्दी होते. स्त्रियांनी गेल्यास मुक्काम शक्यतो घराच्या अंगणातच घ्यावा. घरातील बाईशी आधी बोलणे झाले की पुढचे सारे सोपे जाते.

गावकऱ्यांशी कसे वागावे? भाषा समजेल का?

घरात पावरी किंवा भिलांच्या बोली बोलतात, बाजारात अहिराणी, मराठी, हिंदी आणि पश्चिमेला गुजरातीही चालते. ‘राम राम दादा’ म्हणून सुरुवात करावी. वयस्कर माणसाला ‘बाबा’, बाईला ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हणावे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि काठी या गावच्या राजवाडी होळीला दूरदूरहून लोक येतात. नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी विचारावे, आणि ज्याने नवस म्हणून वेष घेतला आहे त्याच्याकडे तमाशा म्हणून पाहू नये. मुलांना चॉकलेटे वाटण्याची सवय अनेक प्रवाशांना असते. ती आम्हाला पसंत नाही. पुढच्या गाडीमागे मुले धावू लागतात, आणि वळणावर धावतात. जेवू घातलेल्या घराला पैसे देणे अवघड वाटले तर गावच्याच दुकानातून साखर-चहा, तेल घेऊन द्यावे.

कोणती कागदपत्रे लागतात?

वाहन परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमधील प्रती चालतात, पण नेटवर्क नसते म्हणून त्या आधी उघडून ठेवाव्यात किंवा छापील प्रत न्यावी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. मध्य प्रदेश किंवा गुजरातच्या हद्दीत खासगी मोटारसायकलला वेगळा परवाना लागत नाही. मात्र गुजरातेत दारूबंदी आहे, आणि अक्कलकुव्याहून पलीकडे जाताना सामान तपासले जाऊ शकते. मोहाची बाटली कोणी प्रेमाने दिली तरी ती बॅगेत घालून हद्द ओलांडू नये.

अपघात झाल्यास कोणाला कळवावे?

नेटवर्क असेल तेथे १०८ वर रुग्णवाहिकेसाठी आणि ११२ वर पोलिसांसाठी. वणवा किंवा वन्य प्राण्याविषयी वनविभागाचा १९२६. परंतु पाड्यावर रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो आणि काही वाटांवर ती चढतच नाही, त्यामुळे जखमीला गावातील जीपने डांबरी रस्त्यापर्यंत आणणे आणि रुग्णवाहिकेला तेथेच बोलावणे अधिक जलद ठरते. यासाठी रोज सकाळी निघताना त्या गावातील एका जीपवाल्याचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, आणि संध्याकाळच्या मुक्कामाचे गाव घरी कळवून ठेवावे. प्रथमोपचारात पट्ट्या, जंतुनाशक, वेदनाशामक, ओआरएस आणि मोडलेल्या हाडाला आधार द्यायला फळी असावी.

पुणे-मुंबईहून गाडी रेल्वेने आणता येते का?

सुरत–भुसावळ मार्गावर नंदुरबार स्थानक आहे आणि तेथून तळोदा-शहादा जवळ पडते. गाडी पार्सलने पाठवताना टाकी रिकामी करावी लागते, नोंदणीच्या प्रती द्याव्या लागतात आणि गोणपाटात बांधणी करून घ्यावी लागते. पार्सल आपल्याच गाडीने पोचेल याची खात्री नसते, म्हणून एक दिवस हातचा ठेवावा. उतरल्यावर स्थानकाजवळच आरसे, क्लच-लिव्हर आणि इंडिकेटर तपासून पोच लिहून द्यावी. सही केल्यानंतर केलेल्या तक्रारीला अर्थ राहत नाही.